खाण संपेल, गाव राहील

गडचिरोली जिल्ह्यातली दोन ठिकाणे पाहा. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथला बांबू बेताने तोडला, तर कंदातून नवे कोंब फुटतात. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज मात्र एकदा उचलले की पुन्हा उगवत नाही. २०१५ पासून खाणमालकांना सरकारच्या स्वामित्वधनाखेरीज त्याच्या १० किंवा ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला द्यावी लागते. माझ्या मते हे उत्पन्न नव्हे. विकलेल्या ठेव्याचे ते मोल आहे. ते कमानी-सभामंडपांत उडवू नये. पाणी, शाळा, आरोग्य यांत गुंतवावे. तुमच्या भागात खाण असेल, तर वडीलधाऱ्यांना ग्रामसभेत हा हिशेब मागायला सांगा.