रेडिओवर बोलायचंय? मग आधी वाडीचा पूर आठवा

परवा संध्याकाळी घाटावर एक ओळखीची मुलगी भेटली. घरचं पूजा साहित्याचं दुकान, स्वतः बी.ए. झालेली, आवाज खणखणीत. म्हणाली, "काका, मला रेडिओवर बोलायचंय. गाणी लावणारी आर.जे. नाही व्हायचं. आपल्या भागातल्या प्रश्नांवर लोकांशी बोलायचं, फोन घ्यायचे, अधिकाऱ्यांना विचारायचं. असं करिअर होतं का हो?"

पटकन 'होतं' म्हणता आलं नाही. वीस वर्षांपूर्वी पत्रकारितेचा डिप्लोमा घेऊन मीही एका ठिकाणी आवाजाची चाचणी दिली होती. "बोलण्यात गावाकडचा हेल आहे," असं सांगून परत पाठवलं. त्याच हेलात आज रोज शंभर माणसांशी बोलून मी बातम्या आणतो. असो.

तिला जे सांगितलं ते इथंही लिहितो, कारण अशी मुलं-मुली आपल्याकडं बरीच आहेत.

आपल्याला ऐकू येणारं जुनं आणि हक्काचं केंद्र म्हणजे आकाशवाणी सांगली, १९६३ पासूनचं. शेतीचे कार्यक्रम, भजन, मुलाखती ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. पण तिथं बाहेरून येणाऱ्याला वाट असते ती नैमित्तिक उद्घोषकाची. लेखी परीक्षा, आवाज चाचणी, आणि निवड झाली तरी महिन्यात मोजक्याच ड्यूट्या. हौस भागते, संसार भागत नाही. खासगी एफएम कोल्हापुरात आहेत, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावायच्या. म्हणजे या मुलीला जे करायचंय, नेमकं तेच तिथं बंद.

उरला कम्युनिटी रेडिओ. २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांनाही परवाना खुला झाला. १०० वॅटचा ट्रान्समीटर, साधारण दहा किलोमीटरचा टापू. म्हणजे वाडी, कुरुंदवाड, औरवाड, शिरोळ एवढं आरामात येतं. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, अशी अटच आहे. साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे. जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. दुष्काळी भागाला जे जमलं ते दोन नद्यांच्या संगमावर बसलेल्या आपल्याला का जमू नये?

आणि गरज आपल्याला जास्त आहे, हे विसरू नका. २०१९ चा ऑगस्ट आठवा. लाईट गेली, मोबाईल बंद पडले. मी ज्या निवारा शिबिरात होतो तिथं रात्री दोन वाजता कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" म्हाताऱ्या बायका अंधारात पोरं उचलून जिन्यावर पळाल्या. धरण फुटलंच नव्हतं. एका आजोबांकडं सेलवरचा रेडिओ होता, त्यावर कुठल्यातरी स्टेशनची गाणी चालू होती. आमच्या वाडीचं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आकडे मिळत नाहीत असं नाही. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी. कोयनेतून किती क्युसेक, अलमट्टीतून किती, सगळं जाहीर होतं. पण आयर्विनला एवढं झालं की वाडीत कुठल्या गल्लीत पाणी येतं, जनावरं कधी हलवायची, कुरुंदवाडचा रस्ता किती तास उघडा राहील, हे माहीत असतं ते नावाड्यांना, जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना. दक्षिणद्वाराच्या वेळी पाणी बघून 'आता उतरतंय' म्हणणारी माणसं आहेत आपल्यात. त्यांना माईकसमोर बसवायचं, तहसीलचा आकडा आणि त्यांचा अनुभव एकत्र ठेवायचा, अफवा आली की तिथल्या तिथं खोडायची. स्थानिक निवेदकाचं खरं काम हे. हवामान, नैसर्गिक आपत्ती, रस्ते, पाणीपुरवठा यांची माहिती नियमाप्रमाणे 'बातमी'त मोडत नाही. म्हणजे एवढं करायला आजही कायदा आडवा येत नाही.

आता पैशाचं. कम्युनिटी रेडिओला तासाला ७ मिनिटं जाहिरात चालायची, २०२४ मध्ये ती १२ मिनिटं झाली. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये. सगळे स्लॉट भरले तर तासाला ५,३२८ रुपये. पण भरणार कोण? पेढे-बासुंदीवाले, खतवाले, सोन्याचांदीवाले थोडं देतील, बाकी संस्थेलाच उभं राहावं लागेल. म्हणून तिला स्पष्ट सांगितलं, पहिली काही वर्षं याला जोडधंदा समज. दुकान सोडू नकोस.

माझी तक्रार मात्र त्या नियमावर आहे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं. तरी रेडिओवर ग्रामसभेची बातमी सांगायची नाही, आणि मोबाईलवर कुणीही काहीही ओरडायचं! टॉक रेडिओचे तोटेही आहेत. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडायचं बंधन १९८७ मध्ये उठलं, त्यानंतर निवेदक एकाच बाजूनं ओरडू लागले. तसं नको. दोन्ही बाजूंना सारखा वेळ अशी अट घाला, पण तोंड उघडू द्या.

परवान्यासाठी किमान तीन वर्षं नोंदणी असलेली आणि समाजकाम केलेली संस्था लागते. शिरोळ तालुक्यात कारखाना आहे, कॉलेजं आहेत, संस्था तर ढीगभर आहेत. एकानं तरी अर्ज करावा.

तोवर त्या मुलीला एक काम दिलंय. मोबाईलवर दर आठवड्याला एका म्हाताऱ्या नावाड्याशी अर्धा तास बोलायचं आणि रेकॉर्ड करून ठेवायचं. परवाना येईल तेव्हा येईल. ती माणसं तोवर थांबणार नाहीत, आणि पूरही थांबणार नाही.

तुमच्या माहितीत अशी संस्था असेल तर मला सांगा. मी त्यांच्या दारात जायला तयार आहे.