गणित पेटीचं कुलूप काढा

जिल्हा परिषदेच्या कितीतरी प्राथमिक शाळांत गणित पेटी आहे. मणी, दांडे, खोट्या नोटा, सगळं आहे. पण ती कपाटात असते आणि तपासणी किंवा बाल आनंद मेळावा आला की बाहेर निघते. ती रोज मुलांच्या हातात पडायला हवी, आणि त्यासाठी शिक्षकांना उपदेश करून भागणार नाही.

१. आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २९ सांगतं की मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं. म्हणजे हा एखाद्या हौशी शिक्षकाचा उपक्रम नाही, प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

२. हातांनी काय साधतं ते ४२ वजा १७ मध्ये दिसतं. पाठ केलेल्या रीतीनं वजाबाकी करणारी बरीच मुलं उत्तर ३५ काढतात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन वजा करतात. त्यांतल्याच एका मुलीला खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. सतरा काढून दे म्हटलं की ती अडते, इकडेतिकडे बघते आणि एका गठ्ठ्याचं रबर सोडते. आता सुट्या बारा झाल्या. त्यातल्या सात आणि एक अख्खा गठ्ठा बाजूला केला की उरतात पंचवीस. दशक सुटा का करायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून फळ्यावरचं उदाहरण काड्यांच्या नंतर यावं, आधी नाही.

३. खरी अडचण डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची आहे. वस्तू हरवली, मोडली तर हिशेब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. मग पेटी कुलपात राहिली तर दोष कुणाचा? मुलांच्या वापरानं झिजणारं साहित्य उपभोग्य मानावं. खडूचा जसा हिशेब मागत नाहीत, तसा मण्यांचाही मागू नये. आणि वर्षाला ठरावीक मोडतोड केंद्रप्रमुखांच्या सहीनं निर्लेखित व्हावी.

४. पैशाची सबब टिकत नाही. ताराबाई मोडक १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं करत होत्या, अनुताई वाघ सोबत होत्या. तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांचं साहित्य आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच तयार झालं. चिंचोके आजही फुकट मिळतात.

५. वेळ मात्र खरंच नाही. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्यानं दोनच शिक्षक, आणि वर्ग चार. एक गट काड्यांशी काम करत असताना दुसऱ्याला वाचन द्यावं लागतं, त्याची तयारी शाळेतच व्हायला हवी. त्याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नका म्हणतं. ते पाळलं तरी बराच वेळ मोकळा होईल.

६. पालकांनो, मूल काड्या-मण्यांनी शिकतंय आणि वही कोरी दिसली म्हणून शिक्षकांना धारेवर धरू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. येत्या बैठकीत पेटी मागवा, समोर उघडा, आणि ती कोणत्या वर्गात कोणत्या दिवशी वापरणार हे शाळा विकास आराखड्यात लिहून घ्या.