आधी वही, मग वकीलपत्र

घटस्फोटाला किती खर्च येतो, असं विचारणाऱ्याच्या डोक्यात वकिलाची फी असते. ती असतेच, आणि वकिलागणिक बदलते. पण कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात एखादी सकाळ बसून बघा. खरा पैसा तारखा खातात.

अशाच एका सकाळी माझ्या शेजारी एक ताई बसल्या होत्या. सांगलीहून पहाटेच्या आधीची एसटी धरून पुण्याला आलेल्या, सोबत म्हातारे वडील. मांडीवर शाळेची जुनी वही. तिच्यात त्या प्रत्येक तारखेचा खर्च लिहीत होत्या: एसटीचं अर्धं तिकीट, रिक्षा, दोघांचं जेवण, झेरॉक्स, आणि शेवटी ‘शिवण बंद’ असं लिहून त्यापुढे बुडालेली दिवसाची कमाई. सव्वाबाराला पुकारा झाला. समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. पुढची तारीख पडली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

“केस पुण्यात का लावली?” मी विचारलं.

“लग्न इथं लागलं ना.”

हिंदू विवाह कायद्यात 2003 साली दुरुस्ती झाली. अर्ज बायकोचा असेल, तर अर्ज करताना ती जिथे राहते तिथल्या कोर्टात तो करता येतो. ताई माहेरी, सांगलीत राहत होत्या. ही एक गोष्ट सुरुवातीलाच कळती, तर वहीची अर्धी पानं कोरी राहिली असती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की वकीलपत्रावर सही करण्याआधी वही करा. पहिल्या पानावर भांडण लिहू नका, दोन घरांचा खर्च लिहा. एका पगारात एक घर चालत होतं. आता त्याच पैशात दोन भाडी, दोन गॅस, दोन लाइटबिलं भागवायची आहेत. डिपॉझिट, मुलांची फी, शाळेची व्हॅन, आईबाबांची औषधं, सगळं मांडा. पोटगी मागणाऱ्याला आकडा सांगता यायला हवा आणि देणाऱ्यालाही आपल्याला किती झेपेल ते कळायला हवं. ‘पन्नास हजार मागू, वीस तरी मिळतील’ हा भाजीबाजारातला हिशेब कोर्टात चालत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं. तेव्हा पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, आयटी रिटर्न, दागिन्यांच्या पावत्या घरात आहात तोवरच जमवून ठेवा. बाहेर पडल्यावर कपाटाची किल्ली मिळत नाही.

त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे: पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणून मुलीला वर्षवर्ष माहेरी बसवून ठेवतात. महिना दहा हजार पोटगी मंजूर होणार असेल आणि अर्ज एक वर्ष उशिरा पडला, तर त्या शहाणपणाची किंमत एक लाख वीस हजार होते. समेटाची बोलणी जरूर करा. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाला तर पैसेही पडत नाहीत. पण बोलणी चालू असतानाही अर्ज करता येतो.

हातात पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या बायका मला सगळ्यांत जास्त भेटतात. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे तिथे पाहत नाहीत. पत्ता माहीत नसेल तर 15100 वर फोन करा.

आता दादांसाठी. दोघांच्या नावावर गृहकर्ज असेल, तर घटस्फोट झाला म्हणून बँक कुणाला सोडत नाही. ‘मी राहत नाही, मी हप्ता का भरू’ म्हणून हात वर केले, की सिबिल दोघांचं बिघडतं. घर कुणाचं, कर्ज कुणाचं, हे बँकेशी बोलूनच ठरवा. घर जोडीदाराच्या नावावर करून द्यायचं असेल, तर ते घटस्फोटाआधी की नंतर, हे वकिलाला मुद्दाम विचारा. राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. नातं संपल्यावर ती कशी मागणार? मेडिक्लेम फॅमिली फ्लोटर असेल तर बायकोचं नाव त्यातून निघणार, तिच्या नव्या पॉलिसीचा हप्ताही वहीत लिहा.

आणि कुणी म्हणालं, ‘कोर्ट कशाला, नोटरीकडे स्टँप पेपरवर फारकत लिहू’, तर तिथून उठा. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल, तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. एरवी त्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही, आणि दुसरं लग्न केल्यावर तो कागद फार महाग पडतो.

दोघांचं जमत असेल तर परस्पर संमतीचा रस्ता सर्वांत स्वस्त. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोन अर्जांमधली सहा महिन्यांची मुदत कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 सालीच सांगितलंय. मात्र हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी हातची घालवू नका. काही पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली दुसऱ्या वेळी, डीडीने. संमतीच्या अटींमध्ये ‘ठरल्याप्रमाणे रक्कम देण्यात येईल’ असं वाक्य दिसलं, तर ते खोडायला लावा. तिथे आकडा लिहा, तारीख लिहा, दागिने तोळ्यांत लिहा, आणि मुलाची फी कोणत्या इयत्तेपर्यंत कोण भरणार, तेही लिहा.