समासातले नाव

माझ्या नातीला शाळेत निबंध दिला होता, ‘माझा आदर्श’. आमच्या वेळीही हाच विषय असे. अर्धा वर्ग शिवाजी महाराजांवर आणि उरलेला गांधीजी, नेताजींवर लिहून मोकळा होई. नातीच्या वहीत मात्र दिव्या देशमुखचे नाव होते. मला गंमत वाटली. आमच्या घरच्या बुद्धिबळाच्या पटातला एक उंट केव्हाच हरवला आहे आणि नातीला घोड्याची चाल अजून नीट जमत नाही. ‘मग दिव्याच का गं?’ असे विचारले, तर म्हणाली, ‘आजोबा, ती आपल्या नागपूरची आहे ना!’

हिंगण्याच्या पोरीला नागपूर म्हणजे लोकमान्यनगरला मेट्रोत बसले की आलेच. तिचे उत्तर बालिश म्हणून सोडून देता येईना. दिव्याने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. टायब्रेकमध्ये तिने हरवले ते कोनेरू हम्पीला. त्या विजयाबरोबर ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. हम्पीने हा किताब २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी मिळवला होता, आणि दिव्याचा जन्म २००५ चा. म्हणजे भारतीय मुलगी ग्रँडमास्टर होऊ शकते का, हा प्रश्न दिव्या जन्मण्याआधीच निकालात निघाला होता. नागपूरच्या मुलाला ते जमते का, याचेही उत्तर रौनक साधवानीने २०१९ साली, तेराव्या वर्षी देऊन ठेवले होते. दिव्याची मेहनत तिचीच, त्यात वाटेकरी कोणी नाही. पण वाटेत एक दार आधीच उघडे होते, एवढे तरी म्हणता येईल.

मला या निमित्ताने आठवल्या त्या एक बाई. नव्वदीच्या दशकात मी हिंगणा तालुक्यातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव होऊ लागली. ग्रामपंचायतीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. जवळच्या एका गावच्या नव्या सरपंचबाई नमुना सहीसाठी पतीबरोबर आल्या. खुर्ची एकच रिकामी होती. मी ती पतीला दिली, बोललोही त्यांच्याशीच. बाई उभ्याच राहिल्या. आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा त्यात काही वावगे आहे असे मनातसुद्धा आले नाही.

पुढे त्यांचे दोन धनादेश ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून मीच परत पाठवले. नियमाने बरोबरच होते ते. तिसऱ्या खेपेला बाई एकट्या आल्या, सोबत शाळकरी मुलगी. काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, ‘सायेब, आता मले नवी सही देऊ द्या. पहिली त्याहीनं हात धरून करवली होती. हे माही हाय.’ मुलीच्या पाटीवर महिनाभर गिरवलेली ती सही मी नव्या कार्डावर घेतली. पाच वर्षे ती कधी बदलली नाही.

काही वर्षांनी त्या गावातून मुलींसाठी शैक्षणिक कर्जाचे अर्ज येऊ लागले, कोणी नर्सिंगला, कोणी डी.एड.ला. याचे श्रेय बाईंना द्यावे असे फार वाटे. पण मी पडलो बँकवाला, तारण असल्याशिवाय मन धजत नाही.

तारण सापडले ते निवृत्तीनंतर. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास केला. तो २०१२ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. जिथे लागोपाठ दोन खेपा प्रमुखपद स्त्रीकडे राहिले, तिथे मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी आईबापांच्या मनात २५ टक्क्यांनी आणि खुद्द मुलांच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातला फरक तर पुसलाच गेला. नोकऱ्यांच्या संधी वाढल्याचे मात्र काही दिसले नव्हते. मग बदल कशाने झाला? रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या एका बाईने, असा संशोधकांचा निष्कर्ष.

यातला ‘दोन खेपा’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, ही मोठीच गोष्ट. पण सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने फिरते. बाई सही करायला शिकते, ग्रामसभेत आवाज चढवायला शिकते, आणि सोडत निघाली की बहुतेकदा घरी बसते. गावातल्या दहा वर्षांच्या मुलीने तिला नीट पाहून घेण्याआधीच खुर्ची रिकामी! फिरती सोडत न्यायाची आहे हे मान्य, सर्वांना संधी मिळायला हवीच. तरीही चांगले काम करणाऱ्या बाईला खुल्या जागेवरून पुन्हा उभे करायला आपल्या पक्षांचे हात का आखडतात, हे त्यांना विचारले पाहिजे.

तोवर आदर्शांचा पुरवठा फलकांवरून होतोच आहे. हिंगणा रस्त्याने जाताना शिकवणी वर्गांचे गुणवंत आणि वाढदिवसाचे नेते एकाच आकाराच्या चेहऱ्यांनी आपल्याकडे पाहत असतात. या फलकांवरचा माणूस कधी चुकलेला, अडखळलेला नसतो. त्याला फक्त हार घालता येतो. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो त्यांच्याच दीक्षाभूमीच्या शहराभोवती आपण किती सहज विसरतो.

नातीला मी सरपंचबाईंची गोष्ट सांगितली, पाटीसकट आणि माझ्या खुर्चीसकट. ‘तुम्ही त्यांना बसायला नाही दिलं?’ हे तिने दोनदा विचारले. मग बाईंचे नाव विचारून घेतले आणि पेन्सिलीने वहीच्या समासात लिहिले. ‘निबंध दोनशेच शब्दांचा आहे आजोबा, दोघी मावतील का?’ म्हणाली. पुढे मावल्या की नाही, ते मी विचारले नाही.