'खात्यापित्या घरचं पोर' म्हणणं थांबवा!

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आयाबापांनो,

पोराचे गाल वर आले की आपण कडाकडा बोटं मोडतो आणि कौतुकाने म्हणतो, 'खात्यापित्या घरचं दिसतंय.' दुष्काळ आणि रेशनच्या रांगा पाहिलेल्या आजीच्या तोंडी ते शोभत होतं. खारेपाटात आवणीला दिवसभर वाकणारी, जाळी ओढणारी माणसं ताटभर भात खात आणि जिरवत. जमिनी विकल्या, दारात मोटारसायकल आली, भाताचा ढीग तेवढाच राहिला. वर वडापाव आणि थंड बाटली चढली.

'वयात आलं की पोट उतरेल' ही समजूत जीवघेणी आहे. इस्रायलने १९६७ ते २०१० या काळात तपासलेल्या २३ लाख किशोरांच्या नोंदी सांगतात की लठ्ठ मुलांना पुढे हृदयविकार-पक्षाघाताने मरण येण्याचा धोका सडपातळ मुलांच्या सुमारे साडेतीन पट होता. चाळिशीत सुटलेलं पोट पन्नाशीपर्यंत रक्तवाहिन्यांना दहा वर्षं छळतं. चौदाव्या वर्षी सुटलेलं छत्तीस वर्षं.

बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! आपली चरबी काट्यावर कळत नाही, म्हणून कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरपुढे, बाईची ८०पुढे गेली की रक्तदाब आणि साखर तपासून घ्याच. पाळी गेल्यावर बायकांची चरबी पोटाकडे सरकते. म्हातारपणी मांस झडतं, चरबी वाढते आणि वजन तेवढंच भरतं. तेव्हा तर टेपच खरं सांगते.

पोराला 'जाड्या' म्हणून हिणवू नका. दोष त्याचा नाही. त्याच्या खेळायच्या जागेवर बंगले उठले तेव्हा आपण मोठी माणसं गप्प बसलो. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा केंद्राचा नियम २०२०चा आहे. किती गावांत पाळला जातो? आपल्या गावच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन बघा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन ठराव मागा: ५० मीटरचा हा नियम पाळला जावा, आणि मुलांच्या खेळासाठी गावठाणातली एक जागा कायमची राखून ठेवावी. येताना लांब टेप आणा. फाटकापासूनचे ५० मीटर त्याच सकाळी मोजायचे आहेत.

— अलिबाग तालुक्यातले काही पालक