हलणारा पूल काय सांगतो?

मंठ्याहून लोणारला नानीकडे जायचे तर वाटेत पूर्णा नदी ओलांडावी लागते. मागच्या खेपेला आमची एसटी पुलावर जरा थांबली, शेजारून भरलेला ट्रक गेला आणि पायाखाली थरथर जाणवली. धाकटीने हात घट्ट धरून विचारले, "अब्बा, पूल पडणार का?" आम्ही "नाही बेटा" म्हटले खरे; पण का नाही, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. मग शोधून वाचले. तेच इथे मांडतो.

पूल हलतो म्हणजे तो कमजोर, असे नाही. प्रत्येक पुलाचा स्वतःचा कंप असतो. नेहमीच्या काँक्रीट पुलांचा सेकंदाला साधारण 2 ते 10 वेळा. माठ घेताना आपण टिचकी मारतो. तडा गेलेला माठ बद्द वाजतो. पुलाला टिचकी मारण्याचे काम वरून जाणारी वाहनेच करतात. गर्डरला लावलेली छोटी यंत्रे वाहतूक न थांबवता ही थरथर टिपतात. भेगा पडल्या की गर्डरचा ताठरपणा घटतो आणि कंप मंदावतो. मात्र ताठरपणा 10 टक्के घटला, तरी कंप जेमतेम 5 टक्के उतरतो.

अडचण इथेच आहे. ऊन-थंडीनेही कंप काही टक्के बदलतो. म्हणून एका दिवसाची मोजणी पुरत नाही. पूल धडधाकट असतानाची वर्षभराची नोंद हाताशी हवी. स्वित्झर्लंडमधला झेड-24 पूल 1998 मध्ये पाडण्याआधी जवळजवळ वर्षभर त्याचा कंप मोजला, मग मुद्दाम त्याला थोडी थोडी इजा करून फरक पाहिला.

तरी यंत्रावर सगळा भरवसा नको. पणजीचा मांडवी पूल 1970 मध्ये सुरू झाला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला. काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. असा गंज कंपात फार उशिरा उमटतो. म्हणून पुलाखाली उतरून डोळ्यांनी पाहणेही चुकत नाही.

आपल्यालाही नवी भेग, गंजाचे ओघळ, खचलेला सांधा दिसला, तर फोटो काढून सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

धाकटीला आम्ही सांगितले, "पूल हलू दे. काल हलत होता तसाच आज हलतो का, एवढे कुणीतरी पाहत राहायला हवे."

"मग कोण पाहतं?" तिने विचारले.

तोच प्रश्न आता आम्ही अर्जात लिहिला आहे.