मेमरी परत करायलाही शिकवा

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांमधली इंजिनिअरिंगची मुलं माझ्याकडे सी शिकायला येतात. मॅलॉकने मेमरी घेतली, मग फ्री कुठे केली, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "सर, प्रोग्राम तं बरोबर चालते ना!" चालतोच. पन्नास ओळींचा प्रोग्राम क्षणात संपतो आणि त्याची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते. जर्नलवर सही होते. गळती कुणाला दिसतच नाही.

एम्युलेटरमध्ये मात्र ती दिसते. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूएम्यू सॉफ्टवेअरमध्येच अख्खा संगणक उभा करतो: प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळं. असे आभासी संगणक महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. चालू संगणकाला नेटवर्क कार्ड जोडता येतं, काढताही येतं. काढलेलं कार्ड मेमरीतून गेलं नाही, तर प्रत्येक वेळी थोडी जागा अडकते.

ते कधी पुसायचं हे रेफरन्स काउंटिंग, म्हणजे ती वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याची मोजणी, ठरवतं. ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये मांडली. आपल्याकडच्या अभ्यासिकेतलं रजिस्टर आठवा. येताना सही, जाताना सही, आणि शेवटचा गेला की कूलर बंद करून कुलूप. कुणी जाताना सही विसरला, तर कूलर रात्रभर फिरतो. ही झाली गळती. कुणी जाताना दोनदा सही केली, तर आत मुलगा असतानाच कुलूप लागतं, आणि ते जास्त घातक.

क्यूएम्यूत नेटवर्क कार्डासारखा नवीन ऑब्जेक्ट तयार झाला की मोजणी एकवर असते. तो दुसऱ्या ऑब्जेक्टचा 'चाइल्ड' म्हणून जोडला की जोडणारं फंक्शन स्वतःच आणखी एक वाढवतं. आता झाले दोन. आपला हक्क ऑब्जेक्ट-अनरेफने सोडला नाही, तर मोजणी शून्यावर येणारच नाही. मधेच एरर आली आणि फंक्शन अर्ध्यातून परतलं, तर अनरेफची ओळच राहून जाते. दोन ऑब्जेक्टांनी एकमेकांना धरून ठेवलं तरी शून्य येत नाही. पायथॉनमध्ये त्यासाठी वेगळा गार्बेज कलेक्टर ठेवावा लागला आहे.

जानेवारी २०१६ मध्ये लिनक्स कर्नलमधली अशीच एक चूक उघड झाली. प्रोसेसने स्वतःची सेशन कीरिंग (सेशनच्या किल्ल्या ठेवायची कर्नलमधली जागा) त्याच कीरिंगने बदलली की मोजणी एकने वाढून तशीच राहायची. मोजणी ३२ बिटांची. चार अब्जांच्या वर गेली की पुन्हा शून्य. मग वापरात असलेलीच वस्तू पुसली जायची आणि साध्या युजरला रूटचा ताबा मिळवता यायचा. साधी गळती, पण तिने कुलूपच उघडून दिलं!

म्हणून प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रॅक्टिकलचा प्रोग्राम एकदा चालवून सही करू नका. तोच कोड लूपमध्ये हजारदा फिरवायला लावा, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवा आणि हरवलेल्या मेमरीचा आकडा जर्नलात लिहून घ्या. व्हॅलग्राइंड फुकट मिळतं आणि लॅबमधल्या जुन्या लिनक्स मशीनवरही चालतं. तो आकडा शून्य आल्याशिवाय पूर्ण मार्क देऊ नका.